दुखरा खांदा, वाढता भार

खांदा दुखला की हात गळ्यात अडकवून बसायचे, हा जुना समज. त्याने दुखणे निवते, पण सांधा आखडतो. बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी यावर साधी तोड सुचवली: कमरेत वाकून हात लंबकासारखा सैल झुलवायचा. खांद्यावरचा त्यांचा ग्रंथ १९३४ चा.

पण नुसते झुलवून ताकद येत नाही. ती वाट दुसऱ्या महायुद्धाने दाखवली. गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत डॉ. थॉमस डिलॉर्म यांनी १९४५ मध्ये पद्धत मांडली: जेमतेम दहा वेळा उचलता येईल तेवढे वजन घ्यायचे, ताकद वाढली की वजन वाढवायचे. हे तत्त्व पुढे खांद्याच्या कंडरांनाही लागू झाले.

मात्र १९७२ मध्ये चार्ल्स नीअर यांनी वरचे हाड कंडरेला घासते, असे सांगितले आणि ते तासण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. २०१८ मध्ये ब्रिटनमधील चाचणीत काहींचे हाड तासले, तर काहींच्या खांद्यात नुसती दुर्बीण घातली. दोन्ही गटांचा आराम जवळजवळ सारखाच!

पडल्यावर हात उचलतच नसेल, तर आधी डॉक्टर गाठावा. एरवी कंडरा सावरते ती सोसेल इतक्या, हळूहळू वाढवलेल्या कामाने. त्याला महिने लागतात. म्हणून तर घाईच्या माणसाला सुरी जवळची वाटते.