७. आगाशी बंदर
मजकुरातले हे बंदर म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यातले आगाशी गाव. विरार स्थानकापासून पश्चिमेला पाचेक किलोमीटर, वैतरणा खाडीच्या मुखाच्या दक्षिणेला. आज हे बागायती गाव दिसते, त्यामुळे 'बंदर' वाचून वाचक गोंधळेल. पण सोळाव्या शतकात, गुजरातच्या सुलतानाच्या अमलात, इमारती लाकडाच्या व्यापारासाठी आणि जहाजबांधणीसाठी त्याचे नाव होते. म्हणूनच पोर्तुगीजांनी १५३० च्या सुमारास ते जाळले. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख त्यांच्याकडे गेला आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. खाडीच्या तोंडावरचा अर्नाळ्याचा किल्ला मराठ्यांनी त्याआधीच, १७३७ मध्ये घेतला होता. गावातले भवानीशंकराचे देऊळ पेशवाईतले.

पुढे रेल्वे गावाच्या पूर्वेकडून गेली आणि वर्दळ विरारला वळली. आगाशीकरांचा जीव मात्र वाडीतच राहिला. रेताड जमीन, गोड्या पाण्याच्या विहिरी, त्यांवरचे रहाट. त्या पाण्यावर केळी आणि पानवेली पोसल्या. पुढच्या परिच्छेदात पाहुण्यांपुढे येणारी 'सुकेळी' इथलीच: पिकली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधतात. रंग मधासारखा, चव दाट गोड. साखर घालावी लागत नाही.

पालघर जिल्हा २०१४ मध्ये झाला; म्हणून जुन्या कागदांत हे गाव ठाणे जिल्ह्यात सापडते.