पत्त्यांवरचे रंग काय सांगतात?

मंडळी, पारावर मेंढीकोटाचा डाव बसला, की बदाम तांबडा नि इस्पिक काळे हे आपण धरूनच चालतो. रंग असाच का, हे कोणी विचारीत नाही. युरोपातल्या एका जुन्या पत्त्यांच्या खेळाबाबत मात्र हा प्रश्न फार विचारला जातो. त्या खेळाचे नाव टॅरो. पाने ७८, त्यांतली २२ खास चित्रांची, म्हणजे कायमच्या हुकमाची. हल्ली या पानांवरून भविष्य सांगतात, आणि त्यांवरच्या एकेका रंगात गूढ अर्थ भरला आहे असे म्हणतात. खरे काय, ते इतिहासाला विचारू या.

पंधराव्या शतकाच्या मध्याला इटलीत मिलानच्या व्हिस्कोंती व स्फोर्झा या सत्ताधीश घराण्यांसाठी असे पत्ते हाताने रंगवले गेले. त्यांतल्या एका कॅटाची ७४ पाने अजून शिल्लक आहेत. राजाराणीच्या नि हुकमाच्या पानांना मागे सोन्याचा वर्ख आहे. हे सोने भविष्य सांगत नव्हते. पैठणीच्या जरीने सांगावी तशी धन्याची श्रीमंती सांगत होते.

पुढे लाकडी ठशांची छपाई आली आणि पत्ते स्वस्त झाले. फ्रान्समध्ये मार्से शहरातल्या निकोला कोन्व्हेर याचा १७६० सालचा कॅट प्रसिद्ध आहे. आधी काळ्या रेघा छापायच्या, मग आकार कापलेला कागद वर ठेवून कुंचला फिरवायचा. आपल्याकडे रांगोळीचा छापा असतो ना, त्यातलाच हा प्रकार. दर रंगाला कागद निराळा, मेहनत निराळी. म्हणून तांबडा, निळा, पिवळा अशा थोडक्या रंगांवरच भागवायचे. या धर्तीच्या कॅटांत रथाचा एक घोडा तांबडा नि दुसरा निळा दिसतो. त्यात गूढ शोधण्याआधी कारागिराजवळ रंग किती होते, ते पाहावे.

मग गूढ आले कोठून? १७८१ साली कूर द जेबेलँ या फ्रेंच पंडिताने लिहिले, की ही पाने म्हणजे प्राचीन इजिप्तची विद्या. गंमत अशी, की तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती! ती शांपोल्याँने १८२२ साली उलगडली. या कल्पनेला तीत काही आधार सापडला नाही. पण कल्पना रुजली ती रुजलीच. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या कॅटाची चित्रे पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने ए. ई. वेट यांच्या मार्गदर्शनाखाली, अर्थ मनात धरूनच काढली. तिथे रंगाला अर्थ आहे खरा, पण तो १९०९ चा. मिलानच्या दरबाराचा नव्हे.

आपल्या सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घ्या. १२० गोल पाने, दहा अवतारांच्या दहा बाज्या, आणि बाजीगणिक पानाची जमीन निराळ्या रंगाची. हातातले पान कोणत्या बाजीचे, ते झटकन कळते. इथला रंग खेळणाऱ्याच्या सोयीचा आहे.

तेव्हा गुरुजी, वर्गात जुने चित्र दाखवाल, तेव्हा रंगाचा अर्थ सांगण्याची घाई करू नका. तो रंग कोणी लावला, कशाने लावला आणि कोणाच्या पैशाने लावला, हे आधी मुलांना विचारू द्या. हीच सवय लागलेला मुलगा उद्या मोठा झाल्यावर, ‘काळे पान निघाले, शांत करावी लागेल’ म्हणून कोणी पैसे मागू लागला, तर खिशात हात घालण्यापूर्वी दोन प्रश्न विचारील.