एका मॅचचं करिअर: आचरेकर सर आणि दादरपर्यंतचं अंतर

आजचा एपिसोड लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर खांबाला नीट धरा, कारण आज आपण स्कोअरबोर्डवर ज्याचं नाव कधीच येत नाही अशा माणसाबद्दल बोलणार आहोत. कोच. शाळा-कॉलेजच्या पोरांना शिकवणारा कोच.

सुरुवात जरा लांबून करू. अमेरिकेत जेरी यॉर्क नावाचे एक कॉलेज आइस हॉकी कोच होते. बर्फावर स्केट घालून खेळतात ती हॉकी. 1972 मध्ये क्लार्कसन कॉलेजमधून त्यांनी सुरुवात केली, मग बोलिंग ग्रीन, मग 1994 पासून बॉस्टन कॉलेज, आणि 2022 मध्ये रिटायर झाले. पन्नास सीझन. खात्यावर 1123 विजय आणि राष्ट्रीय स्पर्धेची पाच विजेतेपदं. तिकडे कॉलेजचा कोच ही पूर्ण वेळची, पगाराची नोकरी असते. त्याची प्रत्येक मॅच मोजली जाते, हरलेलीसुद्धा. म्हणजे यॉर्क यांचं करिअर किती मोठं, हे एका ओळीत सांगता येतं.

आता आपल्याकडे या. रमाकांत आचरेकर. जन्म 1932, मूळ मालवणकडचे. रेकॉर्ड बुकात त्यांच्या नावावर काय आहे? एक फर्स्ट क्लास मॅच. फक्त एक. 1963-64 च्या मोसमात मोईनुद्दौला स्पर्धेत स्टेट बँकेच्या टीमकडून हैदराबादविरुद्ध. बस, संपलं.

आता तुम्ही म्हणाल, आचरेकर सरांची गोष्ट आम्हाला पाठ आहे. स्टंपवरचं नाणं, सचिन, शिवाजी पार्क. बरोबर. ती गोष्ट आपण नेहमी सचिनच्या बाजूने ऐकतो. आज ती सरांच्या नोकरीच्या बाजूने बघू. हा माणूस घर कशावर चालवत होता? एवढा वेळ कुठून आणत होता? आणि त्याच्या शिकवण्याचा फायदा कुणापर्यंत पोचला, कुणापर्यंत पोचू शकत नव्हता?

पहिली गोष्ट, पगार. सर स्टेट बँकेत नोकरीला होते. त्या काळची मुंबई आठवा, म्हणजे आपण पाहिलेली नाही, घरच्यांकडून ऐकलेली. बँका, रेल्वे, पोर्ट ट्रस्ट, कापड गिरण्या, सगळ्यांच्या आपापल्या क्रिकेट टीम असायच्या. टाइम्स शील्ड नावाची ऑफिसा-ऑफिसांची स्पर्धा असायची आणि तिच्यात कसोटी खेळलेले लोक उतरायचे. अजित वाडेकर, 1971 मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये जिंकलेले आपले कॅप्टन, तेही स्टेट बँकेतलेच. क्रिकेटमध्ये तेव्हा पैसा नव्हता, पण क्रिकेटमुळे नोकरी मिळायची, आणि नोकरीमुळे मैदानावर जाता यायचं.

आचरेकर सरांचं कोचिंग या पगाराच्या जोरावर उभं होतं. सचिनने आत्मचरित्रात लिहिलंय की सरांच्या कॅम्पची प्रवेश फी 65 रुपये होती आणि महिन्याची फी 10 रुपये. एवढ्यात कुणाचं घर चालतं? नाही ना. घर बँक चालवत होती, म्हणून फी 10 रुपये ठेवता येत होती. सरांच्या त्यागाची गोष्ट आपण नेहमी सांगतो, आणि ती खरीच आहे. तिच्या जोडीला ही पगाराची गोष्टही सांगायला हवी. नाहीतर आपल्याला वाटत राहतं की चांगला कोच नुसत्या भक्तीवर तयार होतो.

दुसरी गोष्ट, मैदान. शिवाजी पार्क हे सार्वजनिक मैदान आहे. तिथे सरांनी कामत मेमोरियल क्रिकेट क्लब चालवला. आणि तिसरी गोष्ट, शाळा: दादरची शारदाश्रम विद्यामंदिर. यॉर्क यांना सगळं एका कॉलेजने दिलं. सरांनी तीन तुकडे स्वतः जोडले: बँकेचा पगार, पालिकेचं मैदान आणि शाळेची टीम. शाळेची टीम का महत्त्वाची? कारण मुंबईत शालेय क्रिकेटच्या दोन जुन्या स्पर्धा आहेत, हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड. पोरगं कुठल्या शाळेत आहे त्यावर ठरतं की त्याला तिथे खेळायला मिळणार की नाही, आणि खेळला नाही तर तो निवड समितीला दिसणार कसा?

म्हणूनच 1984 मध्ये अजित तेंडुलकर आपल्या 11 वर्षांच्या भावाला घेऊन आला, तेव्हा नेट्समध्ये जागा देऊन सर थांबले नाहीत. त्यांनी घरच्यांना शाळा बदलायला सांगितलं. सचिन तेव्हा बांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. तो शारदाश्रममध्ये आला.

सरांची पद्धत काय होती? जास्तीत जास्त मॅच खेळवायच्या. सचिनने सांगितलंय की पहिल्याच उन्हाळी सुट्टीत तो 60 दिवसांत 55 मॅच खेळला. एका मैदानावर आऊट झाला की सर त्याला स्कूटरवर मागे बसवायचे आणि दुसऱ्या मैदानावर घेऊन जायचे, तिथे पुन्हा बॅटिंग. संध्याकाळी दमलेला असताना स्टंपवर एक रुपयाचं नाणं. जो बोलर आऊट करेल त्याचं नाणं, कुणीच आऊट केलं नाही तर सचिनचं. मग पॅड-ग्लव्हज न काढता पार्कला दोन फेऱ्या. यात लेक्चर नाही, व्हिडिओ ॲनालिसिस नाही. पोराला रोज नव्या बोलरसमोर, नव्या पिचवर उभं करायचं आणि दमलेल्या अंगाने विकेट टिकवायला शिकवायचं. एवढ्या मॅच जुळवून आणायच्या म्हणजे किती टीमवाल्यांशी बोलणं, किती मैदानं बघणं, किती धावपळ! हे सगळं करणारा एकच माणूस, आणि तो नोकरी करणारा.

आता फेब्रुवारी 1988. आझाद मैदान, हॅरिस शील्डची सेमीफायनल, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. 84 वर 2 बाद असताना सचिन आणि विनोद कांबळी एकत्र आले आणि 664 धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. या मॅचमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सर तिथे नव्हते. त्यांचे असिस्टंट लक्ष्मण चव्हाण बाहेरून डाव सोडा म्हणून निरोप पाठवत होते, आणि ही दोघं पोरं तिकडे बघतच नव्हती. शेवटी लंचला फोनवरून सरांशी बोलणं झालं. सरांनी सांगितलं, डाव सोडा. कांबळीला 350 साठी एक रन हवा होता, त्याने विनवणी केली, सर ऐकले नाहीत. 748 वर 2 बाद, डाव घोषित. मग त्याच कांबळीने बोलिंगला येऊन 37 धावांत 6 विकेट घेतल्या आणि झेवियर्स 145 मध्ये गुंडाळले गेले. विचार करा, जगभर गाजलेली भागीदारी, आणि कोचने ती पाहिलीच नाही!

आता त्या दिवशीच्या तिसऱ्या पोराकडे बघू. पुढचा बॅट्समन म्हणून तो पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला, बॅटिंग आलीच नाही. त्याचं नाव अमोल मुझुमदार. पुढे 1994 मध्ये मुंबईकडून पहिल्याच रणजी मॅचमध्ये त्याने 260 धावा ठोकल्या, पदार्पणातला तेव्हाचा जागतिक विक्रम. फर्स्ट क्लासमध्ये 11 हजारांहून जास्त धावा. आणि भारताची कॅप? एकदाही नाही. सचिन, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात जन्माला आला, दुसरं काय.

हाच अमोल मुझुमदार ऑक्टोबर 2023 मध्ये भारतीय महिला टीमचा हेड कोच झाला. 2 नोव्हेंबर 2025, नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, वर्ल्ड कप फायनल, दक्षिण आफ्रिकेवर 52 धावांनी विजय. जिंकल्यावर कॅप्टन हरमनप्रीत कौर त्याच्या पाया पडली, तो फोटो तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल.

चंद्रकांत पंडित बघा. तेही सरांचेच. विदर्भाला पहिलं रणजी विजेतेपद मिळालं 2017-18 मध्ये, मध्य प्रदेशला पहिलं मिळालं 2022 मध्ये, दोन्ही वेळा कोच पंडित. मध्य प्रदेशने फायनलमध्ये कुणाला हरवलं? मुंबईला! लालचंद राजपूत 2007 च्या टी-ट्वेंटी वर्ल्ड कपमध्ये धोनीच्या टीमचे मॅनेजर होते, आणि 2017 मध्ये अफगाणिस्तानला कसोटी दर्जा मिळाला तेव्हा तिथले कोच तेच. सरांच्या पोरांमध्ये स्टार किती झाले ते आपण मोजतो. माझ्या मते त्यांच्या करिअरचं खरं माप हे आहे की त्यांच्या पोरांमधून कोच किती झाले. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर, कोडवर नाव लिहिणाऱ्याचं दिसतं. ज्याने शेजारी बसून शिकवलं त्याचं नाव कुठेच नसतं, पण पुढे दहा जणांच्या कोडमध्ये त्याची सवय दिसत राहते.

सन्मान मिळाले, नाही असं नाही. 1990 मध्ये द्रोणाचार्य, 2010 मध्ये पद्मश्री. 2 जानेवारी 2019 ला सर गेले. डिसेंबर 2024 मध्ये शिवाजी पार्कला त्यांचं स्मारक झालं. कधी दादरला उतरलात तर बघून या.

आणि दादरचा विषय निघालाच आहे तर आपल्या भागाबद्दल बोलू. बांद्रा ते शिवाजी पार्क, अंतर काही किलोमीटर. तेवढ्या प्रवासातही शाळा, मॅच आणि सराव जमेना, म्हणून सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. आता इथून, आनंदनगरमधून विचार करा. आधी रिक्षाने अंबरनाथ स्टेशन, मग तिथून दादर साधारण 50 किलोमीटर. बदलापूरच्या पोराला त्याहून जास्त. खांद्यावर किट बॅग आणि सकाळची 8 ची गर्दी. ज्यांनी त्या गर्दीत लॅपटॉपची बॅग सांभाळलीय त्यांना कळेल की किट बॅगवाल्या पोराकडे लोक कोणत्या नजरेने बघतात.

तरीही काही पोरं या अंतरावर मात करून गेली. अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. अंबरनाथहून उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, ठाकुर्ली आणि डोंबिवली, आपल्याच लाइनवर. लहानपणी तिथल्याच एका छोट्या कोचिंगमध्ये मॅटिंगवर शिकला, लोकलने मुंबईच्या मैदानांवर गेला आणि 17 व्या वर्षापासून प्रवीण आमरेंकडे शिकायला लागला. आमरे कोण? 1992 मध्ये दरबानला पदार्पणात शतक करणारे, आचरेकर सरांचे विद्यार्थी. म्हणजे सरांचं शिकवणं दोन पिढ्यांनी डोंबिवलीपर्यंत आलं, आणि जानेवारी 2021 मध्ये ब्रिस्बेनला टीम जिंकली तेव्हा कॅप्टन तोच होता.

पालघरचा शार्दूल ठाकूर त्याहून लांबचा. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेचे कोच दिनेश लाड यांनी त्याला शाळेत आणलं आणि स्वतःच्या घरी ठेवलं. याच लाड सरांनी रोहित शर्माची शाळेची फी माफ करून घेतली होती. बघा, प्रश्न प्रत्येक वेळी तोच, पोरगं आणि मैदान यांच्यातलं अंतर. कधी काकांचं घर मधे आलं, कधी कोचचं घर, कधी लोकलचा पास. ज्यांच्यासाठी यातलं काहीच मधे आलं नाही, त्यांची नावं आपल्याला माहीत असण्याचं कारणच नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या भागातून पुढचा सचिन कधी निघणार, हा प्रश्न जरा उलटा आहे. आधी विचारायला हवं की आपल्या भागात पुढचे आचरेकर सर कशावर जगणार? गिरण्या गेल्या. खेळाडूला नोकरी देऊन मैदानावर सोडणारी ऑफिसं पूर्वीसारखी राहिली नाहीत. मग कोचचं घर पोरांच्या फीवर चालतं, आणि फी वाढली की 10 रुपयेवालं पोरगं आपोआप बाहेर. यात कोचला दोष देऊन उपयोग नाही, त्यालाही भाडं आहे, मुलांची शाळा आहे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरमध्ये नगरपालिका, महापालिका आहेत, शाळा आहेत, एमआयडीसीत कंपन्या आहेत. पगार, मैदान आणि शाळेची टीम, हे तीन तुकडे आपल्याकडे सुटे सुटे पडलेत. ते जोडण्याचं सगळं ओझं सरांसारख्या एकट्या माणसाने स्कूटरवर उचलावं, ही अपेक्षा आता तरी सोडूया.

तर मंडळी, तुमच्या शाळेत, गल्लीत, मैदानावर असा कुणी सर किंवा मॅडम असेल, ज्यांनी नोकरी सांभाळून पोरांना शिकवलं, कबड्डी असो, खो-खो असो, काहीही असो, तर त्यांना एक फोन करा. आणि विचारा, सर, तुम्हाला तेव्हा परवडायचं कसं? उत्तर नीट ऐका. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या.