तुर्कस्तान युद्धात का उतरलं?

पहिल्या महायुद्धाचा धडा शिकवताना वर्गातून एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, तुर्कस्तान मुसलमानांचं होतं, म्हणूनच ते इंग्रजांशी लढलं ना?’ असं मानणारी शिकलीसवरलेली मोठी माणसं अकोला-अमरावतीतही भेटतात, आणि ती दोन्ही समाजांत आहेत. याचं उत्तर तारखांमध्येच मिळतं.

2 ऑगस्ट 1914 ला तुर्कस्तानच्या मोजक्या मंत्र्यांनी जर्मनीशी गुप्त करार केला. जगाला मात्र ‘आम्ही तटस्थ आहोत’ असं सांगितलं. भीती रशियाची होती. त्यातच तुर्की जनतेच्या वर्गणीतून इंग्लंडमध्ये बांधलेल्या दोन युद्धनौका ब्रिटननं स्वतःकडे ठेवून घेतल्या, त्याचा संताप होता. जर्मनीनं आपल्या दोन नौका देऊ केल्या. 29 ऑक्टोबरला याच नौकांसह तुर्की आरमारानं काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर तोफा डागल्या. मंत्रिमंडळातल्या काहींनी निषेध म्हणून राजीनामे दिले. पण तीन महिन्यांची तटस्थता संपली होती. 5 नोव्हेंबरला ब्रिटननं युद्ध पुकारलं.

जिहादची घोषणा झाली 14 नोव्हेंबरला, म्हणजे तोफा उडाल्यानंतर सोळा दिवसांनी. आणि ज्यांच्या बाजूनं लढायचं, ते जर्मन आणि ऑस्ट्रियन ख्रिस्ती होते! म्हणजे निर्णय राज्याच्या हिशेबानं झाला, धर्माचं नाव मागाहून आलं.

इकडे इंग्रजांनीही तेच केलं. वऱ्हाड 1902 पासून त्यांच्याकडे कायमच्या पट्ट्यानं होता, पण नावाला मालकी निजामाची. त्याच निजामानं, मीर उस्मान अली खान यांनी, नोव्हेंबर 1914 मध्ये जाहीरनामा काढून मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहायला सांगितलं. एकीकडे खलिफा, दुसरीकडे निजाम. सामान्य मुसलमानानं कुणाचं ऐकायचं?

किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. 6 नोव्हेंबरला इराकच्या फाओ इथं हिंदी फौज उतरली, ती पूना डिव्हिजनची होती. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी याच डिव्हिजनमध्ये होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यात ही फौज उपाशी राहिली आणि 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13,000 जणांनी शरणागती पत्करली. पुढे कैदेत हजारो मेले. त्यांत मराठा होते, राजपूत होते, पंजाबी मुसलमानही होते.

युद्धानंतर खिलाफत वाचवण्यासाठी इथले हिंदू-मुसलमान एकत्र आले, तुरुंगात गेले. 3 मार्च 1924 ला खिलाफत मोडली ती इंग्रजांनी नव्हे, तुर्कांच्याच संसदेनं. राज्याचा हिशेब पुन्हा बदलला होता. आपली माणसं भावनेनं त्यात उतरली होती. ती फसली म्हणून त्यांना हसू नये, पण त्यांच्या भावनेला तुर्कांच्या राजकारणाचं कारणही ठरवू नये.