रंगाखालचा इतिहास: हिवाळ्यात बदललेल्या मोटारसायकली आणि पुराव्याचा प्रश्न

पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न हमखास येतो: "ज्या गोष्टीची कागदपत्रंच नाहीत, तिच्यावर संशोधन कसं करायचं?" मी रंग आणि लेपांच्या रसायनशास्त्रावर काम करते, म्हणून उत्तरासाठी उदाहरणही रंगाचंच घेते. विषय थोडा गॅरेजमधला आहे. मोटारसायकल पूर्ण खोलायची, तिचे काही भाग कापायचे, काही बदलायचे आणि मग ती नव्याने रंगवायची, या उद्योगाचा हा इतिहास. तो मुख्यतः अमेरिकेत घडला. पण त्यातून जे प्रश्न निघतात, ते तुमच्या प्रबंधातही तुम्हाला भेटणार आहेत.

हिवाळाच का?

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर बर्फ असतो. तो वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि मीठ लोखंडाला खातं. त्यामुळे मोटारसायकल तीन-चार महिने घरातच उभी राहते. उभी आहेच, तर खोलून टाकू, असा विचार तिथल्या हौशी माणसाने केला आणि हिवाळा हा गाडी बदलण्याचा हंगाम ठरला. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात डॉनी स्मिथ यांच्या नावाने भरणारं मोटारसायकलींचं प्रदर्शन मार्चअखेरीस असतं, ते उगाच नाही. हिवाळाभर गॅरेजात काय केलं, ते दाखवायची हीच वेळ. हौशी रंगकामाच्या जगात मोठं नाव असलेली 'हाउस ऑफ कलर' ही कंपनी जॉन कोस्मोस्की यांनी १९५६ मध्ये सुरू केली, तीही त्याच मिनेसोटात.

गंमत अशी, की गाडी खोलायला हिवाळा उत्तम, पण रंगवायला अगदी वाईट. थंडीत द्रावक सावकाश उडतो, रंग पत्र्यावर ओला राहतो आणि ओघळतो. दोन घटक मिसळून घट्ट होणारे आजचे रंग घेतले, तर त्यांची रासायनिक अभिक्रियाच थंडीत मंदावते. जुन्या नायट्रोसेल्युलोज लॅकरची आणखी एक खोड होती. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो. हवा दमट असेल तर त्यावर बाष्प बसतं आणि चकचकीत रंग पांढुरका होतो. आपल्याकडे पावसाळ्यात लॅकर मारणाऱ्या सुतारांना हा पांढुरकेपणा चांगलाच माहीत आहे. म्हणून थंड देशातला माणूस आधी खोलणं, कापणं, जोडणं, घासणं उरकतो आणि रंगाचा हात उबदार खोलीत किंवा हवा बदलल्यावर देतो.

आता आपल्या प्रश्नाकडे या. हे काम घरी, संध्याकाळी, दोन मित्रांच्या मदतीने होतं. त्याची बिलं नसतात, आराखडे नसतात, कुणी तारखा लिहून ठेवत नाही. कारखान्याला दप्तर असतं, गॅरेजला नसतं. म्हणून या क्षेत्राचा इतिहास लिहिणाऱ्याला कारखान्याचा रंग नेमका कळतो. नंतरच्या रंगांबद्दल मात्र शोध घ्यावा लागतो.

कारखान्याचा रंग

आधी सोपा भाग. हार्ले-डेव्हिडसनचा ठरलेला रंग १९१७ पासून १९३२ पर्यंत ऑलिव्ह हिरवा होता. तोवर वाहनांच्या रंगकामात मोठा बदल झाला होता. घोडागाड्यांना लावायचे तेलरंग वाळायला आठवडे लागत. १९२३ मध्ये ड्यू पाँट कंपनीचा 'ड्युको' हा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. रंगांच्या छटाही वाढल्या.

मग मंदी आली. १९३० मध्ये 'इंडियन' या मोटारसायकल कंपनीची सूत्रं ई. पॉल ड्यू पाँट यांच्याकडे गेली. ते त्याच रंगवाल्या घराण्यातले. १९३४ मध्ये इंडियन घेणाऱ्याला २४ रंगांमधून निवड करता येत होती. हार्लेनेही १९३३ मध्ये हिरवा रंग मागे ठेवून टाकीवर गरुडाची नक्षी आणली. गाड्या खपत नव्हत्या, तेव्हा कंपन्यांनी रंग विकला. मोटारसायकलचा रंग ही आवडीची, स्वतःची गोष्ट असते, हे इथे आधी कंपन्यांनीच शिकवलं. हे सगळं आपल्याला माहितीपत्रकांवरून, जाहिरातींवरून सांगता येतं.

कापाकापी आणि कँडी

दुसऱ्या महायुद्धात हार्लेने सैन्यासाठी सुमारे ९०,००० मोटारसायकली बनवल्या. युद्ध संपल्यावर उरलेल्या गाड्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि परत आलेल्या तरुण सैनिकांनी त्या घेतल्या. पुढचं मडगार्ड काढून टाकायचं, मागचं कापून आखूड करायचं, वजन कमी करायचं. अशा गाडीला तेव्हा 'बॉब-जॉब' म्हणत. पुढे १९६० च्या दशकात सांगाडाच कापून पुढचे फोर्क लांबवले गेले आणि कापलेली गाडी म्हणून 'चॉपर' हा शब्द रुळला.

रंगही मागे राहिला नाही. १९५० च्या दशकात केनेथ हॉवर्ड, म्हणजे 'व्हॉन डच', हातात बारीक कुंचला घेऊन टाक्यांवर रेघा ओढत होते. त्याच काळात कॅलिफोर्नियात 'कँडी' रंग आला. त्याच्या शोधाचा मान साधारणपणे जो बेलन यांना दिला जातो.

कँडी रंगात खाली चंदेरी किंवा सोनेरी धातूचा थर असतो आणि वर रंगीत पण पारदर्शक थर. प्रकाश रंगीत थरातून आत जातो, धातूवर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा बाहेर येतो. म्हणजे एकच थर दोनदा पार करतो. बीअर-लँबर्टचा नियम तुम्ही बी.एस्सी.ला पाठ केला असेल: शोषण थराच्या जाडीच्या प्रमाणात वाढतं. म्हणून एक हात जास्त पडला, की छटा लगेच गडद होते. टाकीवर ओरखडा आला तर तेवढाच भाग रंगवून भागत नाही, जोड दिसतो. सगळी टाकी पुन्हा घासावी लागते. आणि टाकी घासली, की आधीचा पुरावा पॉलिश पेपरबरोबर निघून जातो. रंग मारणाऱ्याची काळजी आणि इतिहास शोधणाऱ्याची अडचण इथे एकाच कामातून येतात.

टाकीवर झेंडा, पण करणारा कोण?

आता या गोष्टीतली सर्वांत प्रसिद्ध गाडी घेऊ. लॉस एंजेलिसला बर्फ पडत नाही, तिथली गॅरेजं बाराही महिने चालायची. पण दप्तराच्या बाबतीत ती हिवाळी गॅरेजांसारखीच होती.

१९६९ मध्ये 'ईझी रायडर' हा चित्रपट आला. दिग्दर्शक डेनिस हॉपर. पीटर फोंडा ज्या गाडीवर बसतो, तिच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला आहे, सांगाड्याला क्रोम आहे, पुढचे फोर्क लांबच लांब आहेत आणि पुढच्या चाकाला ब्रेक नाही. 'कॅप्टन अमेरिका' या नावाने ही गाडी जगभर गेली. कित्येकांनी हिवाळा-हिवाळा खपून तिच्या प्रतिकृती केल्या. जगात सर्वांत जास्त ओळखली जाणारी मोटारसायकल म्हणून तिचं नाव आजही घेतात.

ही गाडी केली कुणी? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत उत्तर नाही. अनेक वर्षं लोक फोंडा यांचंच नाव घेत राहिले. प्रत्यक्षात कामामागे दोन कृष्णवर्णीय माणसं होती. क्लिफ व्हॉन्स हे नागरी हक्क चळवळीतले कार्यकर्ते आणि छायाचित्रकार. चित्रपटाच्या सुरुवातीच्या टप्प्यात ते त्यावर काम करत होते. बेन हार्डी हे लॉस एंजेलिसच्या कृष्णवर्णीय वस्तीतले नावाजलेले मेकॅनिक. पोलिसांकडून लिलावात निघालेल्या जुन्या हार्ले घेऊन त्यांतून चित्रपटासाठी गाड्या उभ्या केल्या गेल्या. त्या भागातल्या चॉपरवाल्यांना हार्डी माहीत होते. बाहेर ही माहिती गेली नाही, कारण बाहेरच्यांनी विचारलं नाही.

हार्डी १९९४ मध्ये वारले. व्हॉन्स मात्र हयात होते. २०१४ मध्ये पॉल द'ऑर्लियान्स यांचं चॉपरच्या इतिहासावरचं पुस्तक आलं, त्याच सुमारास अमेरिकी सार्वजनिक रेडिओनेही ही गोष्ट सांगितली आणि दोघांची नावं सर्वदूर पोचली. २०१६ मध्ये व्हॉन्सही गेले. चित्रपट आल्यापासून हे घडेपर्यंत ४५ वर्षं गेली. एका माणसाला विचारता आलं, दुसऱ्याला विचारायची वेळ निघून गेली होती. हार्डींनी फोर्क किती लांब ठेवायचे ते कसं ठरवलं, वेल्डिंग कुणी केलं, काय फसलं आणि पुन्हा केलं, हे आता त्यांच्या तोंडून कधीच कळणार नाही.

दोन गाड्या, सही एकाची

गोष्ट इथे संपत नाही. चित्रपटासाठी एकूण चार गाड्या होत्या. तीन चोरीला गेल्या. चौथी, म्हणजे शेवटच्या प्रसंगात मोडलेली कॅप्टन अमेरिका, नट डॅन हॅगर्टी यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती पुन्हा उभी केली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात तिला १३.५ लाख डॉलरची बोली लागली. त्याच वेळी टेक्सासमधल्या एका संग्राहकाकडेही एक 'खरी' कॅप्टन अमेरिका असल्याचं पुढे आलं. आणि दोन्ही गाड्यांच्या खरेपणाच्या कागदांवर सही हॅगर्टी यांचीच होती.

म्हणजे इथे कागद होते. तरीही प्रश्न सुटला नाही, उलट वाढला. कागद आहे म्हणजे पुरावा आहे, असं समजू नका. तो कुणी लिहिला, कधी लिहिला आणि त्यावर कुणाचे पैसे अवलंबून होते, हे आधी पाहा.

मग प्रयोगशाळा काही सांगेल का? थोडंफार. रंगाचा टाचणीच्या टोकाएवढा कपचा घेऊन रेझिनमध्ये बसवतात, आडवा छेद घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतात. इन्फ्रारेड वर्णपटावरून बांधणारं द्रव्य ओळखता येतं: नायट्रोसेल्युलोज, अ‍ॅक्रिलिक की युरेथेन. रंगद्रव्यांनाही जन्मतारखा असतात. फ्थॅलोसायनिन निळा १९३० च्या दशकात बाजारात आला, क्विनॅक्रिडोनचे लाल-जांभळे रंग १९५८ मध्ये. समजा, एखाद्या टाकीवरचा रंग १९५२ चा आहे असं कुणी म्हणालं आणि त्यात क्विनॅक्रिडोन सापडलं, तर तो दावा तिथेच संपतो.

पण उलट दिशेने हा पुरावा चालत नाही, हे नीट लक्षात घ्या. जुनं रंगद्रव्य सापडलं म्हणून थर जुना ठरत नाही, कारण जुना रंग आजही मारता येतो. रसायनशास्त्र 'या वर्षाच्या आधीचा नाही' एवढं ठामपणे सांगतं. 'याच वर्षाचा आहे' किंवा 'याच माणसाने मारला आहे' हे ते सांगत नाही. शिवाय मोडून पुन्हा उभ्या केलेल्या गाडीत कुठला भाग मूळचा आणि कुठला नंतरचा, हे प्रत्येक भागासाठी वेगळं विचारावं लागतं. 'गाडी खरी आहे का?' हा प्रश्नच मोघम आहे. 'ही टाकी कधीची, हा सांगाडा कधीचा, हा इंजिन क्रमांक कुठल्या वर्षाचा?' असे प्रश्न विचारले, तर निदान काहींची उत्तरं मिळतात.

तुमच्या विषयाकडे येताना

सुरुवातीच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. कागद नसतील तिथे तीन साधनं हाताशी असतात: वस्तू, छायाचित्रं आणि माणसं. वस्तू थांबते. तिच्यावर रंग चढतात, पण खाली काही ना काही राहतं. छायाचित्रं कुणाच्या तरी कपाटात पडून असतात. माणसं मात्र थांबत नाहीत. म्हणून कामाचा क्रम आखताना मुलाखती आधी घ्या, प्रयोगशाळेतली तपासणी नंतर केली तरी चालते. विज्ञान शाखेतली मुलं बरोबर उलटं करतात, कारण यंत्रावर वेळ मिळवणं आपल्याला सवयीचं असतं आणि अनोळखी माणसाशी बोलणं अवघड वाटतं.

मुलाखत घेताना मोठे प्रश्न टाळा. 'तुमच्या कलेबद्दल सांगा' म्हटलं, की माणूस भाषण देतो. 'ही लांबी कशाने भरली? वाळायला किती दिवस ठेवली? तेव्हा कॉम्प्रेसर कुणाचा होता?' असं विचारलं, की तो गाडीला हात लावून बोलू लागतो. आलेल्या उत्तरांची तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचं नाव त्याच्या परवानगीने तिथेच नोंदवा. एकाने सांगितलेलं दुसऱ्याकडून पडताळा.

आणि विषय शोधायला अमेरिकेला जायची गरज नाही. मैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याच्या गाड्या आजही आपल्याकडे खोलून, रंगवून चालवल्या जातात. त्या सांभाळणारे मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. गाडीच्या आर.सी.वर रंगाचा एक शब्द असतो, बाकी सगळं त्यांच्या डोक्यात आहे. तुमच्या गावातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजवर पाटी कुणाच्या नावाची आहे आणि हातात स्प्रे गन कुणाच्या आहे, हे या आठवड्यात एकदा जाऊन बघा. नावं वेगळी निघाली, तर दोन्ही वहीत लिहा.