चाकाचा जमाखर्च

कॉमर्सची पदवी घेतलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू दोन बाजूंची दिसते. एकीकडे नावे, दुसरीकडे जमा. मी स्वतःच्या लग्नाकडेही याच नजरेने पाहतो. कोणती बाजू कोणाची, हे मात्र घरी विचारून घेतो. अशा माणसाला मोटारीच्या चाकासारख्या गोल, निरुपद्रवी आणि चहूकडून सारख्या दिसणाऱ्या वस्तूने फसवावं, ही लाजेची गोष्ट आहे. पण ती झाली खरी, म्हणून हा लेख.

आमच्याकडे १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. बाबांनी गाडीसाठी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न व्हायचं होतं आणि गाडी दारात आली तेव्हा मी बालवाडीत जात होतो. मधल्या काळात काय काय घडलं याचा यावरून अंदाज यावा. त्या काळी गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं, हा रिवाजच होता. एवढं थांबून आलेली वस्तू माणूस जपतो. बाबांनी ती चाळीस वर्षं जपली. दर रविवारी सकाळी ते ती स्वतः पुसतात, स्वतः चालवतात आणि मंडईत जाऊन पावशेर आलं घेऊन येतात. आल्याला पेट्रोल किती लागलं याचा हिशेब मी बँकेतला असूनही कधी मांडला नाही.

बाबांना पंचाहत्तरावं लागणार होतं. त्या सुमारास नाशिकचा भाचा आला. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मामा, गाडी झकास आहे. फक्त चाकं म्हाताऱ्याची आहेत."

झालं. शाल, श्रीफळ, चांदीचं निरांजन हे सगळे बेत रद्द झाले. पंचाहत्तरीला बाबांना मॅगव्हील!

आता 'मॅगव्हील' हा शब्दच पाहा. आपल्याकडे हे चाक ॲल्युमिनियमचं असतं, पण नाव मॅग्नेशियमचं. दत्तक गेलेल्या मुलासारखं ते नाव दुसऱ्या घरातून आलेलं आहे. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना खरोखरच मॅग्नेशियमची चाकं असत. ती संपली, नाव उरलं. सुरुवातीच्या मोटारींना तर घोडागाडीसारखीच लाकडी आऱ्यांची चाकं होती. १९०८ च्या सुमारास इंग्लंडात जोसेफ सँकीच्या कारखान्याने पत्रा दाबून, जोडून पोलादी चाक बनवलं आणि सुताराच्या हातून चाक लोहाराकडे गेलं. १९२४ साली बुगाटीने आपल्या पस्तीस नंबरच्या मॉडेलला ॲल्युमिनियमची ओतीव चाकं लावून लियोंच्या शर्यतीत आणलं. चाकं देखणी होती, पण त्या शर्यतीत टायरांनी दगा दिला. चाकाच्या हौसेने पहिल्याच दिवशी तोंड पोळावं, ही परंपरा अशी शंभर वर्षांची आहे. मी तिचा एक नम्र पाईक.

दुकानात गेलो. दुकानदाराने पहिल्यांदा दाखवलेल्या चाकाची चार भोकं आमच्या गाडीला जुळेनात. भोकांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास आमच्या गाडीला ९८ मिलिमीटर, त्याच्या चाकाला १००.

"दोन मिलिमीटरने काय होतंय साहेब? आवळून टाकू."

वाचकहो, दोन पैशांचा फरक निघाला म्हणून रात्री नऊपर्यंत बसून खाती जुळवलेला माणूस आहे मी. दोन मिलिमीटर? मी ताडकन उठलो. तिरके आवळलेले बोल्ट पुढे सैल होतात आणि चाक गाडीला मागे टाकून पुढे जातं, एवढं मला ठाऊक होतं. दुकानदाराने माझ्याकडे आदराने पाहिलं आणि ९८ चे चाक काढलं. इथेच मी गाफील झालो. माणूस दोन मिलिमीटरची लढाई जिंकला की पंचावन्न मिलिमीटरची हरायला मोकळा होतो.

ते चाक पुढे लावून पाहिलं, तर फिरवताना आतल्या बाजूला काहीतरी घासलं. "हे नव्या गाडीचं आहे साहेब, आत जातंय. तुम्ही डीप डिश घ्या." डीप डिश म्हणजे परातीसारखं खोलगट चाक. लावलं. आत कुठेही घासेना. शिवाय चाक बाहेर असं काही झोकात आलं की आमची पद्मिनी कमरेवर हात ठेवून उभी आहे असं वाटावं. मी पैसे मोजले. तेवढं मात्र बरोबर मोजले.

पंचाहत्तरीच्या सकाळी बाबांनी गाडी पाहिली. "छान आहे रे," म्हणाले. मग मंडईत गेले. येताना घामाघूम झाले होते. पुढच्या रविवारी म्हणाले, "आज नको, कंटाळा आलाय." त्याच्या पुढच्या रविवारी गाडी पुसली, पण काढली नाही. एके दिवशी किल्ली देवघराच्या खणात दिसली. आई हळूच म्हणाली, "अरे, त्यांच्या हातात आता बळ राहिलं नाही. कोपऱ्यावर गाडी वळवताना हात थरथरतात. मला म्हणाले, आपली मुदत संपली."

बँकेत रोज मुदत संपलेल्या ठेवी पाहतो, पण हे वाक्य ऐकून घास गिळवेना. बायकोने बाबांसाठी शक्तीच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. आम्ही समजून घेतलं, वय झालं. वय झालं म्हटलं की पुढे कोणी काही तपासत नाही.

महिन्याभराने मावशीला आणायला गाडी मीच काढली. मावशी मागे बसली, आणि पहिल्याच खड्ड्यात मागचं चाक मडगार्डवर करकरलं. मावशीच्या वजनाबद्दल गैरसमज नको, चाकच बाहेर आलं होतं. पण वळणावर स्टिअरिंग फिरवताना माझेही दंड भरून आले. आणि मी चव्वेचाळीस वर्षांचा! तसाच गाडी घेऊन आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी चाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, ऑफसेट बघितला होता?"

मी म्हणालो, "ऑफसेट म्हणजे छपाईचा ना?"

त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर हिशेब मांडला. चाकाच्या रुंदीच्या बरोब्बर मध्यावर एक रेघ काढायची. चाक ज्या चकतीने गाडीला टेकतं, ती चकती त्या रेघेवर असेल तर ऑफसेट शून्य. चकती रस्त्याच्या बाजूला असेल तर ऑफसेट अधिक, म्हणजे चाक गाडीच्या पोटात शिरतं. चकती गाडीच्या बाजूला असेल तर ऑफसेट उणे, म्हणजे चाक बाहेर येतं आणि परात दिसते. जर्मन लोक याला 'आइनप्रेसटीफं' म्हणतात, त्याची आद्याक्षरं ईटी, आणि हा आकडा बहुतेक चाकांवर ईटी अमुक असा कोरलेला असतो. म्हणजे सगळा व्यवहार पासबुकावर छापलेला होता आणि मी, पासबुकं छापणारा माणूस, तो न वाचता सही करून आलो होतो.

आकडे समजुतीसाठी गोल करून सांगतो. समजा जुनं चाक चार इंच रुंद आणि ऑफसेट ३०. नवं चाक सहा इंच. रुंदी दोन इंचांनी, म्हणजे सुमारे ५० मिलिमीटरने वाढली. ऑफसेट तोच असता, तर २५ आत आणि २५ बाहेर अशी सारखी वाटणी झाली असती. पण नव्या गाडीच्या चाकाचा ऑफसेट ४५. म्हणजे आत ४०, बाहेर १०. म्हणून ते आत घासलं. डीप डिशचा ऑफसेट शून्य. म्हणजे बाहेर ५५ आणि आत उणे ५. बेरीज दोन्हीकडे ५०. खातं चोख जुळतं! एका बाजूला नावे टाकल्याशिवाय दुसरीकडे जमा होत नाही. ही द्विनोंदी पद्धत लूका पाचोली नावाच्या इटालियन साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून जगाला दिली. आणि आमची पद्मिनीही मुळात इटालियनच. तिची थोरली बहीण फियाट ११०० ही १९५३ साली आली. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला १९६४ पासून ११००डी बनवली आणि १९७४ पासून तीच पद्मिनी म्हणून ओळखली जाऊ लागली. इटालियन गाडी, इटालियन हिशेब, आणि बुडाला ठाण्याचा कारकून.

"पण नव्या गाड्यांचं चाक आतच का जातं?" मी विचारलं. मिस्त्रींनी सांगितलं ते असं. पद्मिनीचं इंजिन पुढे, पण ओढ मागच्या चाकांना. पुढच्या चाकांनी फक्त वळायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि आपल्याकडे पुढची चाकंच गाडी ओढू लागली. तिकडे १९५९ च्या मिनीने हे आधीच रूढ केलं होतं. अशा गाडीत पुढच्या चाकाच्या पोटात ब्रेक, हब, इंजिनाकडून आलेल्या दांड्याचा सांधा असा सगळा संसार मावावा लागतो. शिवाय १९७२ च्या ऑडी ८० पासून इंजिनियरांनी वळणाची रेषा जमिनीशी टायरच्या मध्याच्याही बाहेर नेली. एका बाजूचा ब्रेक कमी लागला तरी गाडी सरळ राहावी म्हणून. या सगळ्यासाठी चकती पार रस्त्याच्या बाजूला सरकली. म्हणून नव्या गाडीचं चाक सपाट दिसतं आणि जुनीला लावलं की आत घुसतं.

"आणि बाहेर आलं तर बिघडतं काय? दिसतं तर छान."

"अमेरिकेतले पोरगे पूर्वी चाकाची तबकडी काढून, उलटी फिरवून वेल्डिंग करायचे," मिस्त्री म्हणाले, "त्यांना पण छानच दिसायचं." मग त्यांनी माझ्या हातात पाण्याची बादली दिली. "अंगाजवळ धरा. आता हात लांब करून धरा." मी धरली आणि लगेच ठेवली. "बेअरिंगचं असं होतंय. आता वळणाचं ऐका. तेलाचा घाणा बघितलाय? चाकानं जागच्या जागी वळायचं असतं. तुम्ही चाक दोन इंच बाहेर काढलं, आता ते घाण्याच्या बैलासारखं खुंट्याभोवती फिरतंय. बैल कोण ओढणार? स्टिअरिंगवर बसलाय तो. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही."

मी बादलीकडे बघत उभा राहिलो. बाबांच्या हातातलं बळ कुठे गेलं होतं, ते मला सापडलं. ते मीच, वाढदिवसाची भेट म्हणून, पंचावन्न मिलिमीटर बाहेर नेऊन ठेवलं होतं.

"वर आणि कायदा," मिस्त्री थांबेनात. "कंपनीच्या मापाबाहेर गाडीत बदल करायचा नाही, बावन्न कलम. पासिंगला गेलात की साहेब विचारणार."

जुनी चाकं शोधायला घरी धावलो. ती गच्चीवर होती. बायकोने त्यांवर कुंड्या मांडल्या होत्या. एका चाकात तुळस, दोघांत मोगरा, चौथ्यात कोरफड. "अहो, जरा दमानं, मुळं दुखावतील," ती ओरडत होती. तुळस उचलताना मी मनात क्षमा मागितली. एकूण पाचही चाकं शाबूत होती; पाचवं म्हणजे डिकीतली स्टेपनी. ती बिचारी बदलायचं मला सुचलंच नव्हतं. इतके दिवस खरं माप तिथे अंधारात पडून होतं.

रविवारी सकाळी मी किल्ली बाबांच्या पुढे ठेवली. "बाबा, चूक माझी होती. हात तुमचे ठीक आहेत, चाकं वाईट होती." सगळा हिशेब सांगितला, ५५ आणि उणे ५ सकट.

बाबा काही बोलले नाहीत. गाडी पुसली, बसले, कोपऱ्यावर एका हाताने वळवली. अर्ध्या तासाने परत आले. पिशवीत आलं होतं, आणि खास आनंद झाल्यावर आणतात ती सीताफळंही. आईला म्हणाले, "स्टिअरिंग हलकं झालंय." मग माझ्याकडे वळून, "अरे, पण तू एवढा बँकेत, आणि व्यवहार करताना आतली बाजू बघितली नाहीस?"

मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर उतरली, तेव्हा पेपरातला फोटो बाबांनी कात्रीने कापून ठेवला होता. तो आता आमच्या गाडीच्या कप्प्यात असतो, पासिंगच्या कागदांबरोबर.

डीप डिश चाकं गच्चीवर गेली. त्यांची खोली कुंड्यांना फारच सोयीची पडते, पाणी बाहेर सांडत नाही. बायको म्हणते, तुमच्या आयुष्यातली ही एकच खरेदी माझ्या उपयोगाची झाली. तुळस तर नव्या जागी छान फोफावली आहे. तिचा ऑफसेट शून्य आहे.