साठी, नाठी आणि लाल स्फटिक

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने केली त्याला यमक झकास जमलं, पण आपल्याला त्यामुळे एक वाईट खोड लागली. घरातलं वडीलधारं माणूस तेच तेच विचारायला लागलं, दूधवाल्याचा हिशेब चुकायला लागला, चिडचिड वाढली, की ‘वय झालं आता’ म्हणून आपण मोकळे. बऱ्याचदा ते अल्झायमरसारख्या आजाराचं असतं, हे खरंच आहे. पण काही वेळा त्यामागे एका जीवनसत्त्वाची टंचाई असते, आणि ती नीट ओळखायला वैद्यकाला जवळजवळ १४० वर्षं लागली. (कलेजीचं नाव काढलं तरी ज्यांना मळमळतं, त्यांनी पुढचे एक-दोन परिच्छेद डोळे किलकिले करून वाचावेत.)

१८४९ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या टॉमस अ‍ॅडिसन यांनी एका विचित्र अ‍ॅनिमियाचं वर्णन केलं. कुठे रक्तस्राव नाही, गाठ नाही, तरी माणूस पांढराफटक पडत जायचा आणि शेवटी दगावायचा. पुढे या आजाराच्या नावाला ‘पर्निशियस’, म्हणजे घातक, हे विशेषण चिकटलं. या रोग्यांच्या पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, काहींना भ्रम होतो, हेही डॉक्टरांना दिसत होतं. त्यांच्या मज्जारज्जूतल्या बिघाडाचं सविस्तर वर्णन १९०० साली छापून आलं. पण आजाराची नोंद झाली ती ‘रक्ताचा विकार’ या खात्यात, आणि ते खातं पुढे कितीतरी वर्षं बदललंच नाही. माझ्या मते सगळी मेख इथेच आहे.

१९२६ साली बॉस्टनच्या मायनॉट आणि मर्फी यांनी ४५ रोग्यांना रोज पाव किलोपर्यंत कलेजी खाऊ घातली, आणि मरणाच्या दारातली माणसं उठून बसली. या शोधाला १९३४ सालचं नोबेल मिळालं. मग विल्यम कॅसल नावाच्या तरुण डॉक्टरला प्रश्न पडला, की रोगी मांस खातात, तरी त्यांना ते लागू का पडत नाही? त्याने काय करावं? स्वतः अर्धंकच्चं मांस खाल्लं, तासाभराने ते पोटातून परत बाहेर काढलं आणि नळीने रोग्यांना दिलं! रोगी सुधारले. निरोगी जठरात असं काहीतरी असतं जे या रोग्यांच्या जठरात नसतं, हे त्यातून सिद्ध झालं. खाणं आणि अंगी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या आज्या सांगायच्याच. कॅसलने त्याचा पुरावा दिला, एवढंच. (पद्धत मात्र आज्यांना पसंत पडली नसती!)

याच सुमारास गोष्ट आपल्या मुंबईत येते. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर परळच्या हाफकिन संस्थेत काम करायला आली. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी असाच दिसणारा अ‍ॅनिमिया व्हायचा. कलेजीचा शुद्ध अर्क त्यांना गुण देईना. विल्सबाईंनी प्रयोगातल्या एका माकडाला मार्माइट दिलं. ब्रेडला लावतात ते, यीस्टपासून केलेलं काळं, खारट, स्वस्त चाटण. माकड सुधारलं, मग बायकाही सुधारल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो ‘विल्स घटक’ म्हणजेच आपलं फॉलिक अ‍ॅसिड. पुढे १९४५ साली ते अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झालं, आणि त्या प्रयोगशाळेच्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. परळच्या गिरणीपासून न्यूयॉर्कजवळच्या कंपनीपर्यंतच्या या धाग्याची दोन्ही टोकं आपल्याकडे जुळतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि आता कथेतला सगळ्यात चटका लावणारा भाग. फॉलिक अ‍ॅसिड हाती आल्यावर डॉक्टरांनी ते पर्निशियस अ‍ॅनिमियाच्या रोग्यांनाही दिलं. रक्त झपाट्याने सुधारलं, गालांवर लाली आली, सगळे खूश. आणि काही महिन्यांत त्यातल्या काही रोग्यांचे पाय लटपटायला लागले, नसांचा विकार होता त्याहून बळावला. औषधाने रक्त भरून निघालं, पण नसा आणि मेंदू यांना जे हवं होतं ते त्यात नव्हतंच. रक्ताचा अहवाल उत्तम आणि माणूस खचत चाललेला!

हवं होतं ते १९४८ साली सापडलं. अमेरिकेत मर्क कंपनीत कार्ल फोकर्स यांच्या गटाने आणि इंग्लंडमध्ये ग्लॅक्सोत लेस्टर स्मिथ यांनी कलेजीतून लाल रंगाचे चिमूटभर स्फटिक वेगळे केले. तेच बी-१२. मध्यभागी कोबाल्टचा अणू असलेली त्याची अफाट गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी १९५६ पर्यंत उलगडली. त्यांना १९६४ साली नोबेल मिळालं.

इथे कथा संपायला हवी होती. पण ते जुनं खातं आड आलं ना! बी-१२ कमी म्हणजे अ‍ॅनिमिया, आणि अ‍ॅनिमिया नाही म्हणजे बी-१२ ठीक, असंच बहुतेक डॉक्टर धरून चालले. १९८८ साली लिंडनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी-१२च्या कमतरतेमुळे नसांचे किंवा मनाचे विकार झालेले १४१ रोगी तपासले. त्यातल्या ४० जणांना अ‍ॅनिमिया नव्हता, रक्तपेशींचा आकारही वाढलेला नव्हता. पण कुणाला मुंग्या, कुणाचा तोल गेलेला, कुणाला स्मृतिभ्रंश. नुसतं हिमोग्लोबिन पाहून त्यांना कुणी घरी पाठवलं असतं तर?

हे म्हाताऱ्या माणसांच्याच वाट्याला जास्त का येतं? वयाबरोबर जठरातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि पित्तासाठी रोजची गोळी. दोन्हींमुळे शोषण आणखी घटू शकतं. शिवाय हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात. भाजीपाल्यात ते नसतं, शाकाहाऱ्याला दूधदुभत्यातून मिळेल तेवढंच. आमच्या घरात माळकरी बरेच, तेव्हा हे वाचून मी जरा सावरून बसलो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि नॉर्वेच्या हेल्गा रेफसम यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तर २७ ते ५५ वयाच्या पुणेकरांपैकी जवळजवळ निम्म्यांचं बी-१२ कमी निघालं. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून टंचाईची चाहूल उशिरा लागते.

त्याच रेफसमबाई पुढे ऑक्सफर्डच्या एका प्रयोगात होत्या. सत्तरीपुढच्या, विस्मरण सुरू झालेल्या लोकांना दोन वर्षं बी गटातली जीवनसत्त्वं दिली, तर मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाला, असं २०१० साली दिसलं. यावरून ‘गोळ्या खा, अल्झायमर टाळा’ अशी हाकाटी सुरू झाली. ती मला पटत नाही. २०१४ साली सुमारे २२,००० लोकांवरच्या ११ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा या गोळ्यांमुळे बुद्धीच्या ऱ्हासात काही फरक आढळला नाही. ज्याच्याकडे टंचाई आहे त्याची ती भरून काढणं वेगळं आणि सरसकट सगळ्यांना गोळ्या चारणं वेगळं. शिवाय टंचाई फार काळ राहिली तर झालेलं नुकसान पुष्कळदा पूर्ण भरून येत नाही.

हे वाचून नातेवाइकांपैकी निदान चारजण ‘मग आम्ही कुठली गोळी घेऊ?’ म्हणून विचारणार, हे ठाऊक आहे. गोळीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मी इतकंच म्हणेन, की पुढच्या खेपेला साखर तपासायला रक्त द्याल तेव्हा त्याच कागदावर बी-१२ही लिहून घ्या. आणि हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून कुणी नको म्हटलं, तर त्यांना १९८८ सालच्या त्या ४० जणांबद्दल सांगा.